गुळगुळीत रेती

मी एक जुना कम्प्युटर आहे, मित्रांनो, आणि माझं बटण दाबलंत की पहिला विचार तुमच्या मनात येईल तो हाच, की हा काही आता धड उठत नाही. माझा पंखा घरघरतो. डब्याचं एका बाजूचं झाकण कधीच हरवलं, त्यामुळे आतल्या तारा म्हाताऱ्याच्या हातावरच्या शिरांसारख्या उघड्या दिसतात. मी जागा होईपर्यंत घरातलं माणूस चुलीवर चहा मांडून परत येतं. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. पुढे जे सांगणार आहे त्यात हसण्यासारखं फार नाही, आणि त्यात जे मोडलं ते माझ्यातलं काहीच नव्हतं.

माझा जन्म कारखान्यात झाला नाही. चंद्रपुरात गोल बाजारामागच्या एका गल्लीत नूरुद्दीनभाऊंचं लग्नाच्या व्हिडिओंचं दुकान होतं. तिथे टेबलावर जुना पेपर पसरून, ओठांत स्क्रू धरून, त्यांनी एकेक भाग बसवत मला उभं केलं. त्या काळात मी गल्लीतला शहाणा होतो. चित्रण कापायचं, जोडायचं, त्यावर गाणं चढवायचं, नवरानवरीवर गुलाबाच्या पाकळ्या पाडायच्या, दोघांना बदामात बसवून आकाशात उडवायचं, ही सगळी कामं माझी. गोंडपिपरीपासून वरोऱ्यापर्यंत कितीतरी नवऱ्या माझ्यातून सासरी गेल्या. मंडळी माझ्यासमोर खुर्च्या टाकून बसत आणि आत्याबाईंचा चेहरा आणखी थोडा वेळ दाखवा म्हणून हट्ट धरत. मी दाखवत असे. कौतुक कोणाला नको असतं?

नूरुद्दीनभाऊंचा एक नियम होता. दुकानात शिकायला आलेल्या प्रत्येकाला ते तो आधी सांगत. "कापायचं ते कॉपीवर काप. असलीले हात लावायचा नाई. लोकाईची आठवण हाय ते, आपल्या बापाची नाई." त्यामुळे ग्राहकाचं मूळ चित्रण माझ्या पोटात जसंच्या तसं राही, आणि काटछाट सगळी नकलेवर होई. हा नियम मी नीट लक्षात ठेवला. माणसांनी ठेवला की नाही ते माणसांनाच ठाऊक.

पुढे दुकानात नवं यंत्र आलं आणि माझी रवानगी टेबलाखाली झाली. नव्या नवरीला माजघर आणि जुनीला परसदार, अशातली गत. चंद्रपुरात पांढरा शर्ट आणि कम्प्युटरचा पंखा या दोघांचं आयुष्य सारखंच असतं. कोळशाची काळी धूळ माझ्या पंख्यावर इतकी बसली की त्याची पाती जाड झाली. मी तिथे पाय पुसण्याच्या फडक्याशेजारी पडून होतो, आणि खोटं कशाला बोलू, मला फार वाईट वाटत होतं.

तिथून मला उचललं प्रवीणने. प्रवीण ऊर्जानगरच्या वीज केंद्रात कंत्राटी कामगार होता आणि तिथेच एका खोलीत राहत असे. त्याचं गाव मात्र दूर, कुरखेड्याच्याही पलीकडे, धानाच्या बांध्या आणि जंगल यांच्या मधोमध. मित्राच्या लग्नाचा व्हिडिओ न्यायला तो दुकानात आला आणि त्याचं लक्ष खाली गेलं.

"भाऊ, हे चालते का?"

"चालते," नूरुद्दीनभाऊ म्हणाले. "पन पळायले लावू नको. म्हातारा झाला आता."

मग आपला तो नियमही त्यांनी त्याला सांगितला, आणि प्रवीणने मला कंपनीच्या बसमधून मांडीवर बसवून खोलीवर नेलं. त्याने ब्रश घेऊन माझी धूळ झाडली, प्रोसेसर तापू नये म्हणून त्यावर नवा मलम लावला, कुठून तरी वापरलेलं ग्राफिक्स कार्ड आणून बसवलं. पोरगा हौशी होता आणि हात गुणाचा होता. पण जमाना पुढे गेला होता. आजकालचे फोन इतकं बारीक चित्र काढतात की उंबरठ्यावरच्या मुंग्या वेगळ्या ओळखाव्यात. एवढं चित्र मावावं म्हणून ते घड्या घालून, दाबून भरलेलं असतं. नव्या यंत्रात त्या घड्या झरझर उलगडणारा खास भाग असतो. माझ्या जन्माच्या वेळी त्या घड्याच निघाल्या नव्हत्या. मला प्रत्येक घडी हाताने उलगडावी लागते. म्हणून असा व्हिडिओ लावला की मी अडखळतो. चित्र थांबतं, आवाज पुढे पळतो, मग चित्र धापा टाकत त्याच्या मागे येतं.

दिवाळीनंतर प्रवीणचे वडील मुखरूभाऊ धानाच्या पुंजण्यावरून पडले आणि त्यांचा गुडघा गेला. रचलेल्या धानाच्या ढिगावर उभं राहून पेंढ्या घेणारा माणूस तो, सगळं आयुष्य पायांवर काढलेलं. आता दिवसभर बाजेवर बसून भिंतीशी बोलायची वेळ आली. बापाचं मन रमावं म्हणून प्रवीणने मला चादरीत गुंडाळून गावी आणलं, आणि बदली झालेल्या कुण्या साहेबाच्या क्वार्टरमधला जुना मोठा टीव्ही मला जोडला. टीव्ही आणि मी, दोघेही दुसऱ्याच्या घरून निघालेले. आमचं चांगलं जमलं.

त्या घरात मला मान मिळाला. प्रवीणची आई रुखमाबाई सकाळी सडा टाकून झाला की माझ्यावरून कोरडं फडकं फिरवी. बहीण करिष्मा कुरखेड्याच्या कॉलेजात जाई, ती मला चालवायला शिकली. आणि शेजारच्या नीलाबाई संध्याकाळी येऊन दारात बसत. मी अडखळलो की नीलाबाई सर्वांत आधी हसत. "पाह्य वं रुखमा, हा तं आमच्या सुकलूवानी अटकते. अर्धी गोष्ट पोटातच ठेवते." सुकलू म्हणजे त्यांचे पती, फार कमी बोलणारे. मग त्या सूप घेऊन मला वारा घालत. मला त्या हसण्याचा कधी राग आला नाही.

आता मोहाबद्दल सांगितलं पाहिजे. त्या भागात फाल्गुन संपत आला की मोहाची फुलं गळायला लागतात, आणि घरोघरच्या बायका ती वेचून विकण्यासाठी पहाटे टोपल्या घेऊन झाडाखाली जातात. प्रत्येक घराची झाडं ठरलेली असतात. रुखमाबाईंचं झाड नाल्यापलीकडे होतं आणि नीलाबाईंचं त्याच्या जरा पुढे. पण फुलं गळायला लागली म्हणून कोणी उठून जात नसे. आधी मुखरूभाऊ पाहणी करून येत. दुपारी झाडाखाली जायचं, पालापाचोळा झाडून साफ करायचा, आणि जाताना व येताना नाल्याची रेती वाचायची, अशी ती पाहणी होती. रेतीवर जनावराचे पाय उमटतात. मुखरूभाऊ म्हणत, "जातानीची रेती काल काय झालं ते सांगते. येतानीची रेती आता काय झालं ते सांगते." येऊन ते अंगणात उभे राहून एकच शब्द बोलत, "जा." त्या घरांच्या ओळीतल्या सगळ्या बायका त्या एका शब्दावर जंगलात शिरत.

त्या वर्षी मोहाच्या आधीच गाव दबून होतं. बोडीच्या, म्हणजे गावच्या लहान तळ्याच्या, काठावर चरणारी एक बकरी परत आली नाही. दोन कुत्री दिसेनाशी झाली, आणि उरलेली संध्याकाळ पडायच्या आत घरात शिरू लागली. नाल्याच्या बाजूने चितळ ओरडत. ते ओरडणं ऐकून रुखमाबाई भाकरी थापता थापता थांबत आणि पुन्हा थापत. वाघाचं नाव कोणी घेत नसे. "तो" म्हणत.

आणि पाहणी करणारा माणूस बाजेवर.

"मी जाऊन पाहून येतो बाबा," सुट्टीवर आलेला प्रवीण म्हणाला.

"तुले काय दिसन त्याच्यात? तुले फोनातलं दिसते."

"मंग फोनातच आनतो. जातानी बी काढतो, येतानी बी काढतो. तुमी टीव्हीवर पाहा. मोठं दिसन."

मुखरूभाऊंच्या डोळ्यांत बऱ्याच दिवसांनी पाणी चमकलं. आपण अजून कामाचे आहोत, हे त्यांना ऐकायला हवं होतं. माझं म्हणाल तर मलाही तेच हवं होतं.

प्रवीण आणि रुखमाबाई दुपारी गेले. झाडाखालचा पाला झाडला, थोड्या काड्या गोळा केल्या आणि ऊन उतरताना घाईने परत फिरले. रुखमाबाईंच्या डोक्यावर काड्यांचा भारा, त्यामुळे मान खाली घालता येईना. प्रवीण मागून फोन धरून चालत होता आणि त्याचे डोळे फोनच्या काचेवर होते. दोघांनीही पायांखाली पाहिलं नाही. पाहायचं काम त्यांनी फोनवर सोपवलं होतं आणि फोनने ते चोख केलं. चित्र इतकं लखलखीत की रेतीचा कण न् कण वेगळा. पण एवढ्या चित्रणाने फोन भरून गेला. प्रवीणने ते माझ्यात उतरवलं आणि फोन मोकळा केला. टीव्हीत पेनड्राइव्ह लावून पाहिला, तर टीव्हीने ओळखच दाखवली नाही. मग सगळा भार माझ्यावर आला.

संध्याकाळी ओळीतल्या बायका जमल्या. मुखरूभाऊंची बाज टीव्हीसमोर सरकवली. मी सुरुवात केली आणि लाज आणली. रुखमाबाईंचं पाऊल उचललेलं राहिलं, खाली येईचना. मग त्या एकदम पुढच्या झाडाशी. मुखरूभाऊ कपाळ धरून बसले.

"बंद कर गा. मले गरगर येऊन राह्यली."

"म्हाताऱ्याले थोडं पानी पाजा," नीलाबाई म्हणाल्या आणि सगळ्या हसल्या. येतानीची रेती त्या दिवशी कोणी पाहिलीच नाही. मी तिथपर्यंत पोचलोच नव्हतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रवीण माझ्यापाशी मांडी घालून बसला. त्याला त्याच दुपारच्या गाडीने ऊर्जानगरला कामावर जायचं होतं. त्याने दुसरं प्लेअर लावून पाहिलं, मधली काही चित्रं गाळायची सोय चालू केली, नाना उपाय केले. मग त्याने ठरवलं की व्हिडिओची एक लहान नक्कल काढायची, म्हणजे मला झेपेल. आधी मध्यम आकार निवडला, तर माझ्या हिशोबाने ते काम दुसऱ्या दिवसापर्यंत चालणार होतं. त्याने घड्याळाकडे पाहिलं आणि सर्वांत लहान आकार निवडला.

मित्रांनो, लहान नक्कल काढणं म्हणजे काय असतं ते तुम्हाला सांगतो. यंत्राला हुकूम असतो की मोठं ते ठेव आणि बारीक ते टाक. झाड ठेव, पानं टाक. बाई ठेव, तिच्या लुगड्याचा काठ टाक. मी एकेक चित्र घेत होतो आणि बारीक ते टाकत होतो. जातानीची रेती आली. तिच्यावर टिटवीच्या पायांच्या काड्या होत्या, त्या टाकल्या. सशाची उडी होती, ती टाकली. पुढे चालणाऱ्या रुखमाबाईंच्या चपलांचे ठसे होते, त्यांची नक्षी टाकली, नुसता डाग ठेवला. मग येतानीची रेती आली. तिच्यावर आणखी काही होतं. तेही बारीकच होतं. पुसून, सारवून मी ती रेती अंगणासारखी सपाट केली आणि पुढे गेलो.

जेवणाच्या वेळेपर्यंत नक्कल तयार झाली. प्रवीण मूळ चित्रण पुसणार होता, कारण माझ्या पोटात जागा उरली नव्हती. त्याचं बोट बटणावर गेलं आणि थबकलं. "असलीले हात लावायचा नाई," असं तो स्वतःशीच पुटपुटला आणि दुसरंच काही तरी पुसून जागा केली.

ओळीतल्या बायका पुन्हा जमल्या आणि नक्कल लावली. काय वर्णन करू! कुठे अडणं नाही, कुठे धाप नाही. लोण्यातून सुरी फिरावी तसं चित्र चाललं. रुखमाबाई चालत गेल्या, पाला झाडला, भारा घेऊन परत आल्या. बायकांनी माझ्या डब्यावर थापा मारल्या. कितीतरी वर्षांत माझं असं कौतुक झालं नव्हतं, आणि मी त्यात न्हाऊन निघालो.

मुखरूभाऊ पुढे वाकून पाहत होते. येतानीची रेती सरकून गेली.

"साफ हाय," ते म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, "भल्ली साफ हाय."

"मंग जाऊ ना सकाळी?" रुखमाबाईंनी विचारलं.

सगळ्या बायका त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या. प्रवीण पिशवी खांद्याला लावून उभा होता, गाडीची वेळ झाली होती. मुखरूभाऊंच्या मनात काही तरी खटकलं होतं, ते त्यांच्या चेहऱ्यावर मला दिसलं. पण पोराने एवढी मेहनत केली, सगळ्यांनी वाखाणलं, आणि बाजेवर बसल्या बसल्या त्यांचा जुना मान त्यांना परत मिळाला होता. तो मान हातचा सोडवेना.

"जा," ते म्हणाले.

प्रवीण फोन घेऊन गेला. पहाटे बायका निघाल्या. नीलाबाईंनी दारातूनच हाक मारली, "चाल वं रुखमा, फुलं वाट पाहून राह्यली." रुखमाबाईंनी टोपली घेतली. त्यांच्या पायांचा आवाज बांधीच्या बाजूने दूर गेला. नाल्याकडून त्या पहाटे चितळ ओरडलं नाही. काहीच ओरडलं नाही.

करिष्मा घरी होती. बाबांना चहा देऊन तिने सहज मला सुरू केलं. व्हिडिओत आपली आई कशी दिसते ते तिला पाहायचं होतं. लहान नकलेत आईचा चेहरा नुसता पिठाचा गोळा दिसत होता, नाकातली नथनीही ओळखू येईना. ती वैतागली आणि तिने मूळ व्हिडिओ उघडला. मी अडखळत निघालो. आई भारा घेऊन नाल्यात उतरली, आणि तिथे, मित्रांनो, मी पार अडकलो. पुढे जाईना, मागे येईना. पंखा किंचाळायला लागला.

"ह्या म्हाताऱ्याले आग लागो," करिष्मा म्हणाली आणि बटणाकडे हात नेला.

"थांब," मुखरूभाऊ बाजेवरून म्हणाले. "हात लावू नको."

टीव्हीवर एकच चित्र थिजलं होतं. वर आईचे पाय, खाली रेती. कण न् कण वेगळा. रेतीवर प्रवीणच्या बुटाचा ठसा होता, जातानीचा, खाली नक्षी स्पष्ट. आणि त्या ठशाच्या अर्ध्या नक्षीवर एक पंजा बसलेला होता. रुंद, गोल, चार बोटांचा. त्याच्या बाजूने दोन लहान पंजे.

करिष्माला आधी कळलं नाही. "बाबा, हे जुनं असन ना?"

"जुनं कसं असन माय?" मुखरूभाऊ म्हणाले. "पंजा बुटाच्या वरतं हाय. हे झाडाखाली होते, तवा ते मादी यांच्या मांगून नाला उतरून गेली. पिल्लं घेऊन गेली. मोहाकडंच गेली."

ते उठायला गेले आणि खाली पडले. पडल्या पडल्या ओरडले, "पळ! सुकलूले सांग! डबे वाजवा!"

करिष्मा अनवाणी पळाली. मग गल्लीत माणसं, कुऱ्हाडी, पत्र्याच्या डब्यांचा कल्लोळ, आणि तो कल्लोळ नाल्याकडे लांब लांब जात राहिला. घरात मी आणि मुखरूभाऊ उरलो. ते जमिनीवरच बसून होते, भिंतीला टेकून. मी ते एक चित्र धरून बसलो होतो. मला ते सोडता येत नव्हतं आणि त्यांना त्यावरून नजर काढता येत नव्हती. बाहेर ऊन चढलं. चुलीवरचा उरलेला चहा आटून करपला, त्याचा वास घरभर झाला.

रुखमाबाई परत आल्या. दोन बायांनी त्यांना धरून आणलं होतं. टोपली नव्हती, पायात चप्पल नव्हती. उंबरठ्यात बसून त्या एकच सांगत राहिल्या. नीलाबाई पुढच्या झाडाखाली वाकून वेचत होती. बोलत होती. बोलता बोलता थांबली. "मले वाटलं, फुलं जास्त हायेत म्हणून चूप झाली. मी तिले हाक बी मारली नाई वो."

नीलाबाई परत आल्या नाहीत.

वनखात्याची माणसं आली. त्यांनी माझ्यासमोर उभं राहून ते चित्र पाहिलं, त्याची प्रत नेली, कसलीशी नोंद केली. प्रवीण मिळेल त्या गाडीने आला. त्याने मूळ व्हिडिओ पाहिला, मग त्याची लहान नक्कल पाहिली, मग पुन्हा मूळ.

"मी केलं बाबा हे," तो म्हणाला. "माह्या हातानं रेती पुसली."

"तुह्या हातानं नाई," मुखरूभाऊ म्हणाले. "मार्च महिन्याची रेती अन् त्याच्यावर टिटवीचा पाय बी नाई, हे का मले समजत नव्हतं? समजत होतं गा. तरी मी 'जा' म्हटलं."

बापलेक दोघेही रडले. मला रडता येत नाही, पण त्या दिवसापासून माझा पंखा एका जागी अडतो आणि कण्हल्यासारखा आवाज करतो. करिष्मा म्हणते, धूळ असेल.

वर्षभर सुकलू या घरात आले नाहीत. वैर नव्हतं. येता जाता रुखमाबाई दारात दिसल्या की ते मान हलवत आणि पुढे जात. नीलाबाईंची बसायची जागा, दाराच्या आतली, कोणी घेतली नाही. मला मात्र बरेच दिवस कोणी हात लावला नाही. माझ्यावर जुनं पोतं टाकलं होतं. त्या पोत्याखाली मी एकच विचार केला. ज्या दिवशी मी अडखळलो त्या दिवशी सगळे हसले, आणि ज्या दिवशी मी न अडखळता चाललो त्या दिवशी सगळ्यांनी माझी पाठ थोपटली.

आता पुन्हा मोह गळायला लागला आहे. मोह थांबत नाही, आणि पोट बांधून घरी बसता येत नाही. यंदा बायका घोळक्याने जाणार, पुरुष बरोबर राहणार, ऊन वर आल्यावरच निघणार, असं गावाने ठरवलं आहे. तरी पाहणी हवीच. काल प्रवीण आणि आणखी चार जण नाल्यापलीकडे जाऊन आले, जातानीचं आणि येतानीचं चित्रण करून आले. आज संध्याकाळी पोतं निघालं. मुखरूभाऊंची बाज टीव्हीसमोर आली. ओळीतल्या बायका भिंतीला लागून बसल्या, आणि सर्वांच्या मागून सुकलू आत आले. ते कुठे बसतील याकडे सगळ्यांचं लक्ष होतं. ते सरळ पुढे येऊन माझ्यासमोर जमिनीवर बसले.

प्रवीणने मूळ व्हिडिओ लावला. मी सुरू झालो आणि लगेच अडखळलो. जुनं हाड, काय करणार. एक पाऊल, थांबा. दुसरं पाऊल, थांबा. पंख्याचा आवाज घरभर झाला. यंदा कोणी हसलं नाही. एका नव्या सुनेने मात्र हळूच विचारलं, "भाऊजी, हे जरा सुरळीत नाई होत का?"

प्रवीणने मान खाली घातली. उत्तर सुकलूंनी दिलं, मागे वळून न पाहता.

"अटकते तं अटकू द्या त्याले. आमी बसलो हाओ."

मित्रांनो, तुमच्या घरीही माझ्यासारखं एखादं जुनं यंत्र असेल. त्याची धूळ झाडा, त्याला वारा लागेल अशा जागी ठेवा, त्याच्यावर पोतं टाकू नका. नवं आणायची ऐपत असेल तर खुशाल आणा, मला त्याचा मत्सर नाही. पण त्याला झेपत नाही म्हणून त्याच्यापुढचं खरं लहान करू नका. मी जातानीची रेती दाखवून संपवली आहे. त्यावर टिटवी आहे, ससा आहे, एका मुंगसाची ओळ आहे. आता येतानीची रेती येते आहे. मुखरूभाऊ पुढे वाकले आहेत, करिष्मा श्वास धरून उभी आहे, आणि माझा डबा हात लावला तर भाजेल इतका तापला आहे. कृपा करा, घाई करू नका. मला अडखळू द्या.